सासूबाईंची सुटका

टेलरबाईच्या नवऱ्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आणि ही सकाळ आजची नव्हे, परवाची.

मागच्या खोलीचं दार आतून बंद होतं. खोली कसली, अडगळच. सासूबाई होत्या तोवर त्यांची खाट तिथे होती. त्या गेल्या, खाट गेली, आणि त्या रिकाम्या जागेवर हा जाऊन बसला. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मशीनसमोर रस्त्यावर उघडणारं दार, दारावर पाटी: पॅन्ट आखूड करून मिळेल, चेन बदलून मिळेल. बाई पायाने मशीन चालवायची आणि कान मागे ठेवायची. आतून पुटपुटणं ऐकू येत असलं की जीव थाऱ्यावर असायचा. ते थांबलं की हातातली पॅन्ट तशीच टाकून ती दाराशी जाऊन उभी राहायची. मग पुन्हा पहिली ओळ सुरू व्हायची. एकाच वेळी हायसंही वाटायचं आणि कपाळ बडवून घ्यावंसंही वाटायचं.

प्रार्थना म्हणावी तर इवलीशी. जिच्या पोटी आलो तिला सोडव. तिची चूक माझ्या माथी घे. माझं बरं तिच्या पदरी घाल. तिला दारात उभी ठेवू नकोस. संपलं. मन दुसरीकडे न जाऊ देता एका दमात म्हणायची, एवढीच अट. बाकीचे मुलगे ती चहा गार व्हायच्या आत उरकतात, नाक पुसतात आणि कामाला लागतात. मन कुठे गेलं आणि कुठे नाही, हे कोण बघत बसतंय? हा बघत बसला. आणि नीट झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, हा नियम त्याने स्वतःच स्वतःला लावून घेतला. देवाने सांगितलेला नव्हता आणि प्रार्थनाघरातल्या थोरल्यांनीही नाही.

यात सासूबाईंचा दोष एवढाच, की त्यांनी पहिल्या बाळावर माया केली. त्यांच्या प्रार्थनाघराची रीतच तशी होती. मूल चालायला लागलं की थोरले त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणत, तू सुटलास. याला वचन म्हणायचे. वचन मिळालेला माणूस मेल्यावर दारात अडत नाही, सरळ आत जातो. पण जे मूल चालण्याआधीच जातं, त्याचं काय? त्याच्यासाठी एक सोय होती. आईला आपलं वचन त्याला देता यायचं. थोरल्यांचा हात डोक्यावर घ्यायचा आणि म्हणायचं, माझ्या नावचं त्याच्या नावे. मूल सुटायचं, आई उरलेला जन्म बिनवचनाची राहायची. दिलेलं परत मिळत नसे. अशा बिनवचनाच्या माणसाला एकच आधार, घरच्या कोणीतरी त्याच्यासाठी प्रार्थना म्हणायची. तो जिवंत असताना म्हणा नाहीतर गेल्यावर म्हणा, आई असेल तर जिच्या पोटी आलो, मूल असेल तर जे माझ्या पोटी आलं, बायको असेल तर जिचा हात धरला, एवढाच काय तो फरक.

पाळण्यातच गेलेल्या पहिल्या लेकाला सासूबाईंनी आपलं वचन दिलं आणि मग या दुसऱ्याला वाढवलं. म्हातारी तोंडाने फटकळ, पण माणूस ओळखून होती. नळ बंद आहे ना हे बघायला शाळेच्या वाटेवरून परत येणारं पोर तिने हाताखालून घातलं होतं. म्हणून तिने जिवंतपणी त्याला बजावून ठेवलं होतं, माझ्यासाठी तू तोंड उघडायचं नाहीस, माझं मी वर गेल्यावर बघून घेईन, तिथे काय सगळे बहिरे बसलेत? सगळे हसले होते, तोसुद्धा. पण मेलेल्या माणसाला दटावता येत नाही. त्या गेल्या त्याच आठवड्यात त्याने दार लावून घेतलं.

एके काळी याच खोडीवर त्याचं नाव झालं होतं. चष्म्याच्या दुकानामागच्या वर्कशॉपमध्ये तो काचा घासायचा. पाण्याची धार सोडलेल्या चाकावर काच धरायची, फ्रेमच्या आकाराला आणायची, कड मऊ करायची, उजेडात फिरवून ओरखडा बघायचा. मालक गिऱ्हाइकांना सांगायचा, आमच्या माणसाच्या हातची काच म्हणजे काच. पुढे पुढे तो कड परत घासायला लागला, मग परतची परत. शेवटी घासून घासून काच फ्रेमपेक्षा लहान व्हायची आणि टपकन खाली पडायची. मालक भला माणूस, त्याने हाकललं नाही. घरी बस, बरा झालास की ये, म्हणाला. गल्लीतल्या पोरांनी मात्र त्याचं नाव पुन्हासाहेब ठेवलं होतं. बाईला त्या नावाचा आधी राग यायचा. आता रागवायलाही अंगात त्राण उरलं नव्हतं.

मन जातं तरी कुठे, हे त्याने तिला एकदाच सांगितलं. ती दाराशी ताट घेऊन बसली होती, दार जरासं किलकिलं झालं होतं आणि तो आतल्या अंधाराकडे तोंड करून बोलत होता.

"तिसऱ्या ओळीला आतून कोणीतरी म्हणतं, जळू दे म्हातारीला. माझ्याच आवाजात म्हणतं. मी माझ्या आईला असं कसं म्हणेन गं? पण आवाज माझाच आहे."

बाईने ताट खाली ठेवलं आणि दाराच्या फटीतून त्याचा हात धरला. तुम्ही नाही म्हणालात, ती म्हणाली. तुमच्या मनात तसं काही नाही, मला माहीत आहे. त्याचा चेहरा निवळला. त्याने चार घास खाल्ले. तेवढ्यावर ती इतकी हरखली, की भांडी घासताना गुणगुणत होती. घास पोटात जिरायच्या आत त्याने पुन्हा हाक मारली आणि विचारलं, तुला कसं माहीत?

थोरल्यांचंही तेच झालं. हे थोरले म्हणजे प्रार्थनाघरातले सगळ्यांत वडीलधारे, उंच, वाकलेले, पत्र्याच्या डब्यांत झाडं लावणारे. बाईने पाय धरले म्हणून घरी आले, बंद दाराबाहेर स्टुलावर बसले आणि म्हणाले, बाळा, तुझी प्रार्थना पोचली, मी सांगतो. तो बाहेर आला, आंघोळ केली, जेवला. दुपारी मात्र बायकोला म्हणाला, थोरल्यांनी माझं मन कुठे बघितलं? त्यांनी फक्त आवाज ऐकला. आणि दार पुन्हा लागलं. थोरले नंतर येईनासे झाले. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण आपला शब्द अर्धा दिवससुद्धा टिकत नाही हे कळल्यावर कुणाचा पाय त्या घराकडे वळेल?

नणंदेचं वेगळंच. ती दुसऱ्या गावी असायची आणि फोनवर भक्तीने गहिवरायची. आमच्या दादासारखा मुलगा शोधून सापडणार नाही, वहिनी, आईसाठी अन्नपाणी सोडलंय त्याने. प्रार्थनाघरात बायका आपापल्या पोरांना त्याचा दाखला द्यायच्या. जिचं जळतं तिलाच कळतं, असं बाई मनात म्हणायची. एकदा मात्र न राहवून म्हणाली, वन्सं, तुम्ही या आणि चार दिवस ही भक्ती सांभाळा. तेव्हापासून नणंदेचे फोन कमी झाले.

राहता राहिली डॉक्टरीणबाई. मोठ्या इस्पितळात, लांब बाकावर बसून नंबर लागायची वाट बघावी लागायची. बाईने नवऱ्याला तिथे एकदा कसंबसं नेलं होतं, वाटेत दर कोपऱ्यावर थांबत. डॉक्टरीणबाई तरुण होती, केस वर बांधलेली, आवाजात घाई नसलेली. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, हा आजार आहे, जुनी माणसं याला मंत्रचळ म्हणायची. ज्याची सर्वांत जास्त भीती वाटते तोच विचार मनात येतो. आईवर माया नसती तर तो विचार आला असता तरी यांनी झटकून टाकला असता. तिने गोळ्या लिहून दिल्या. त्याला बाहेर बसवून मग बायकोला सांगितलं ते खरं कठीण होतं.

"ते विचारतील, नीट झालं का? आई सुटली का? तुम्ही हो म्हणू नका, नाही म्हणू नका. माहीत नाही, एवढंच म्हणा. हे खाजवण्यासारखं आहे, बाई. खाजवलं की बरं वाटतं आणि मग जास्त खाजतं. तुमचं हो म्हणजे ते खाजवणं."

बाईने मान हलवली आणि मनात म्हणाली, हिला नवरा नसावा. माणूस डोळ्यांदेखत वाळतोय, एक हो म्हटलं की चार घास खातोय, आणि त्याला म्हणायचं माहीत नाही? शिवाय ते खोटं झालं असतं. तिला माहीत होतं. चालायला लागली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवला गेला होता, ती सुटलेली होती, देव दयाळू आहे यावर तिचा विश्वास होता. सासूबाईंसारख्या बाईला देव दारात उभी ठेवील हे तिला कधी पटलंच नव्हतं. तिने ते शब्द कधी उच्चारले नाहीत. गोळ्या त्याने काही दिवस घेतल्या. मग त्याच्या डोक्यात आलं, गोळी घेऊन म्हटलेली प्रार्थना आपली कशी, ती गोळीची. पाकीट मशीनच्या खणात बॉबिनच्या शेजारी पडून राहिलं.

त्या परवाच्या सकाळनंतरची ही दुपार. पुटपुटणं थांबलं आणि पहिली ओळ सुरू झाली नाही. बाईने हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. मग चेन उसवायच्या कात्रीने दाराच्या फटीतून कडी वर ढकलली आणि आत गेली. तो भिंतीला टेकून कलंडला होता, ओठ पांढरे, गुडघ्यांवर घट्टे पडून फुटलेले. तिने साखरपाणी चमच्याने ओठांत सोडलं. शुद्धीवर येताच त्याने ते थुंकायचा प्रयत्न केला. नियम मोडला म्हणून तो लहान मुलासारखा रडायला लागला. तो वजनाला इतका हलका लागत होता की बाईला उचलताना जोरच लावावा लागला नाही, आणि त्याचीच तिला सगळ्यांत जास्त भीती वाटली. हा असाच जाणार, हे तिला लख्ख कळलं. इस्पितळात तो येणार नव्हता. प्रार्थना अर्धी टाकून उंबरा ओलांडायचा नाही, हाही एक नियम मध्येच कधीतरी तयार झाला होता.

तिने शेजारणीला त्याच्याजवळ बसवलं, चपला घातल्या आणि तडक प्रार्थनाघर गाठलं.

थोरले मागच्या अंगणात डब्यांतली माती उकरत होते. तिने काय मागितलं ते त्यांना आधी कळलंच नाही. कळल्यावर ते उभे राहिले. म्हणाले, ती रीत तान्ह्या बाळांसाठी आहे, सासवांसाठी नाही. ती म्हणाली, रीतीत बाळ असं कुठे म्हटलंय, बिनवचनाचा म्हटलंय. त्यांनी तिला समजावलं, दटावलं, पाणी दिलं. देवाला दया आहे, म्हणाले. तिने विचारलं, मग त्या दयेने सासूबाई सुटल्या का, हे छातीवर हात ठेवून सांगा, मी अशीच परत जाते. थोरल्यांनी छातीवर हात ठेवला नाही. त्यांनी मातीचे हात धोतराला पुसले.

"मी ते घेऊ शकतो, पोरी. परत देऊ शकत नाही. तुला पोरंबाळं नाहीत, नवरा हा असा. तुझ्यासाठी मागे म्हणणारंही कोणी नसेल. भीती नाही वाटत?"

"रोज घरात बघतेय," ती म्हणाली. "तिथलं मला आणखी काय नवं असणार?"

बोलून गेली खरी. पण त्यांचा हात डोक्यावर आला तेव्हा तिने पदर मुठीत धरला. हाताला ओल्या मातीचा वास होता. लहानपणीच्या त्या दिवसाचं तिला काही आठवत नव्हतं, पण आईने इतक्यांदा सांगितलं होतं, तू हसलीस, थोरल्यांची दाढी ओढलीस, की ते आठवण असल्यासारखंच झालं होतं. त्या दाढी ओढणाऱ्या पोरीचं तिला वाईट वाटलं. तिने वाक्य म्हटलं. माझ्या नावचं तिच्या नावे. थोरल्यांनी हात उचलला आणि तोंड फिरवून डब्यांकडे गेले.

घरी येताना एक गंमतच झाली. एरवी दोन बसच्या मधून सटकणारी ही बाई चौकात सिग्नलला थांबली. माणसं लाल असतानाच ओलांडत होती, ती हिरव्याची वाट बघत उभी राहिली. एक सायकलवाला अंगाला घासून गेला तर तिने सिग्नलचा खांब धरला. आत्ता काही झालं तर? आयुष्यात पहिल्यांदा तिच्या डोक्यात हा प्रश्न आला, आणि तो आला तो घरापर्यंत सोबत आला.

त्याला सांगितलं तेव्हा तो उठून बसला. हात पूर्ण टेकवला होता का, वाक्य मध्ये तुटलं नाही ना, आईचं नावच मनात होतं ना, सगळं त्याने विचारून घेतलं. ती हो म्हणत गेली. यात मन कुठे जाण्याचा प्रश्नच नव्हता, थोरल्यांचा हात आणि तोंडाचं वाक्य, बस्स. त्याला कुठे फटच सापडेना. मग तो म्हणाला, म्हणजे आई आत गेली. आणि त्याचे खांदे असे खाली आले, की इतके महिने ते वर ओढलेले होते हे तेव्हा कळलं.

त्याने दूधपाव खाल्ला, पहिल्यांदा हळू, मग बकाबका. झोपला तो दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर उठला. बाईने त्याची नखं कापली, गुडघ्यांना मलम लावलं, गालावरचं रान काढायला न्हाव्याला घरी बोलावलं. न्हाव्याने विचारलं, कुठे परगावी होतात का? तो म्हणाला, हो, फार लांब. आणि तिच्याकडे बघून हसला. त्या हसण्यासाठी तिने आणखी एखादं वचन असतं तर तेही दिलं असतं. आठवडा सरायच्या आत तो वर्कशॉपला जाऊन आला. मालकाने एक काच दिली, त्याने ती घासली, उजेडात धरली आणि खाली ठेवली. परत उचलली नाही. हे त्याने घरी येऊन सांगितलं तेव्हा बाई मशीनवर डोकं टेकून रडली, आणि तो कितीतरी वेळ तिच्या पाठीवर हात फिरवत राहिला. डॉक्टरीणबाईला जाऊन सांगायला हवं, तिच्या मनात आलं, की बाई, तुमच्या पुस्तकात हे नाही.

मग एक दिवस मशीनजवळची कात्री जागेवर नव्हती.

तिने सगळीकडे शोधली. ती वरच्या फळीवर कापडात गुंडाळलेली मिळाली. टोकाला लागेल तुला, तो म्हणाला. ती हसली, इतकी वर्षं लागली नाही ती आत्ता कशी लागेल? तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी ती कोपऱ्यावर दोरा आणायला निघाली तर तो मागोमाग आला आणि रस्ता ओलांडताना दंड घट्ट धरला, इतका घट्ट की वळ उठले. गॅसचं बटण त्याने एकदा बघितलं, मग पुन्हा. संध्याकाळी जेवताना मध्येच थांबून तो तिच्याकडे बघत राहिला. काय झालं, तिने विचारलं. काही नाही, तो म्हणाला, पण ताट पुढे सरकवलं. तिने ते परत त्याच्याकडे सरकवलं नाही. तिचा हातच उचलेना.

सकाळी एक बाई पोराची शाळेची पॅन्ट घेऊन आली होती, लांबी सोडायची होती. टेलरबाई तिच्याशी बोलत असताना मागच्या खोलीची कडी सरकल्याचा आवाज आला. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पॅन्टची दुमड उलटून किती कापड आहे ते बघितलं, उद्या या म्हणाली. गिऱ्हाईक गेल्यावर ती दबक्या पावलांनी दाराशी गेली.

आत तोच आवाज होता, तोच खालचा, घाईचा स्वर. पण पहिली ओळ बदलली होती.

"जिचा हात धरला तिला सोडव. तिची चूक माझ्या माथी घे. माझं बरं..."

आवाज अडखळला. तिसरी ओळ. थांबला, श्वास घेतला, आणि पुन्हा पहिल्यापासून. जिचा हात धरला तिला सोडव.

बाई तिथेच खाली बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्याविषयी इतक्या कळवळ्याने तो कधी बोलला नव्हता. आणि तो कळवळाच त्याला खाणार होता. तिसऱ्या ओळीला आतून कोणीतरी आता तिलाच जळू दे म्हणत होतं. तिने खड्डा बुजवला होता तो स्वतःची माती काढून, आणि आता तिथेच नवा खड्डा झाला होता. त्यात तो उतरला होता. आता द्यायला तिच्याकडे काहीच उरलं नव्हतं. थोरल्यांकडे जायची सोय नव्हती. दुसऱ्या कोणाचं वचन मागून आणलं असतं तर हा त्या दुसऱ्यासाठी बसला असता. हे तिला आता दिसत होतं, आणि आधी कसं दिसलं नाही म्हणून ती स्वतःवर चरफडत होती. खाजवलं की बरं वाटतं. ती डॉक्टरीण पोरगी बरोबर सांगत होती.

तिने दारावर थाप मारली. बराच वेळ मारत राहिली. शेवटी कडी निघाली. तो दारात उभा राहिला, डोळे पुन्हा तसेच, आत गेलेले.

"तू सुटशील ना?" तो म्हणाला. "आत्ताची बरी झाली वाटतं. शेवटची ओळ तर नीट झाली. तू सांग, सुटशील ना?"

हो तिच्या जिभेवर आला. सवयीचा होता तो, किती वर्षांचा. हो म्हटलं तर आज दुपारी तो जेवणार होता. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिला सिग्नलवरचा तो प्रश्न आठवला. हिरव्याची वाट बघताना धरलेला खांब आठवला, मातीचा वास असलेला हात उचलला गेल्यावर डोक्याला लागलेला गारवा आठवला. देव दयाळू आहे, हे तिला पूर्वी माहीत होतं. तेव्हा तिच्या खिशात वचन होतं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

त्याला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. त्याने तिचे दोन्ही खांदे धरले, गदागदा हलवलं, विनवलं, नुसतं एकदा हो म्हण गं, मग मी पाणीसुद्धा पितो, बघ. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती मान हलवत होती. मग त्याचे हात सुटले. तो दारातच उकिडवा बसला आणि सगळं अंग थरथरायला लागलं. थंडी भरल्यासारखे दात वाजत होते. बाईला वाटलं, हा आत्ता मरेल, माझ्या या दोन शब्दांनी मरेल. ती त्याच्याजवळ उंबऱ्यावर बसली. त्याचा हात आपल्या मांडीवर घेऊन बसली. ना धीर दिला ना गप्प केलं. बाहेर कोणीतरी पॅन्टची चेन बदलायला आलं, हाका मारून परत गेलं.

थरथर कमी व्हायला फार वेळ गेला. तो प्रार्थना म्हणत नव्हता. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता, आणि मग ओठही थांबले.

"मग आपण काय करायचं?" त्याने विचारलं.

"तेही मला माहीत नाही," ती म्हणाली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्याने विचारलं ते आणि तिने सांगितलं ते, दोन्ही खरं होतं. ती उठली, मशीनच्या खणातून बॉबिनशेजारचं पाकीट काढलं, पेलाभर पाणी घेतलं, आणि दोन्ही त्याच्यासमोर जमिनीवर ठेवून पुन्हा शेजारी येऊन बसली.